डेटा अ‍ॅनालिटिक्सबद्दल आमच्या साहेबांच्या कल्पना: यातलं खरं किती?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता अडलंय म्हणून धागा काढतोय. आमची कंपनी मध्यम साइजची, थोडा माल वेबसाइटवरून जातो आणि बराचसा डीलरमार्फत. मी ऑपरेशन्सला आहे आणि त्यातल्या त्यात एक्सेल बरं येतं असा ऑफिसात माझा लौकिक असल्यामुळे डेटा अ‍ॅनालिटिक्सचं लोढणं माझ्या गळ्यात आलंय.

साहेब कुठल्याशा कॉन्फरन्सला जाऊन आले आणि तेव्हापासून सुरू झालंय की आपल्याकडे दहा वर्षांचा डेटा पडून आहे त्यात सोनं आहे सोनं, फक्त एक चांगलं टूल घ्यायचं, एक डेटा सायंटिस्ट ठेवायचा आणि मग निर्णय आपोआप होतील, सेल्सच्या लोकांच्या अंदाजपंचे गप्पा बंद, कारण आकडे खोटं बोलत नाहीत. आणि जितका डेटा जास्त तितकं उत्तर अचूक. परवा एक व्हेंडर डेमो देऊन गेला, त्याचं मॉडेल (म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम) म्हणे कुठला डीलर आपल्याला सोडून जाणार हे ९९ टक्के अचूकतेने सांगतं, तेव्हापासून तर साहेब हवेतच आहेत.

मला यातलं बरंच खटकतंय पण नेमकं काय चूक आहे ते धड मांडता येत नाही. साहेब माणूस ऐकून घेणारा आहे, फक्त तत्त्व सांगितलं की त्यांना जांभई येते आणि उदाहरण सांगितलं की कान टवकारतात. तर जाणकारांनी उदाहरणांसकट प्रकाश टाकावा ही विनंती. मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे.

आकडेमोड

धागा आवडला. साहेब सगळ्यांचे सारखेच असतात हे बघून बरं वाटलं :)

माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे अ‍ॅनालिटिक्सची सुरुवात डेटापासून होते हा. सुरुवात निर्णयापासून होते. साहेबांना एवढंच विचारा की समजा उद्या हा आकडा वर गेलेला दिसला तर तुम्ही काय करणार आणि खाली गेलेला दिसला तर काय करणार? दोन्ही वेळेला तेच करणार असाल तर तो आकडा काढायला माणूस कशाला बसवायचा? अर्ध्याअधिक रिपोर्ट या एका प्रश्नात गळून पडतात, बघाच करून.

आता ते सोन्याचं. तुमच्याकडचा दहा वर्षांचा डेटा गोळा झालाय बिलं करायला, टॅक्स भरायला, माल पाठवायला. तुमच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला तो कोणी गोळा केलेलाच नाहीये. म्हणजे काय ते सांगतो. समजा एक आयटम महिन्यात बारा दिवस गोदामात नव्हताच. त्या बारा दिवसांत किती लोकांनी मागितला, किती जण नाही म्हटल्यावर दुसरीकडे गेले, याची तुमच्या सिस्टीममध्ये एक ओळसुद्धा नसणार, कारण बिल झालं नाही तर नोंद नाही. सेल्स रिपोर्टमध्ये तिथे शून्य दिसणार. आता हा डेटा कुठल्याही भारीतल्या भारी मॉडेलला द्या, ते म्हणणार मागणी कमी आहे, माल कमी मागवा. तुम्ही कमी मागवणार, तो आणखी लवकर संपणार, पुढच्या महिन्यात विक्री आणखी कमी दिसणार आणि मॉडेल म्हणणार बघा माझा अंदाज बरोबर आला! मॉडेल आणि गोदाम दोघं मिळून एक चांगला चालणारा आयटम मारून टाकतात आणि रिपोर्टमध्ये सगळं हिरवं.

यात आकडे खोटं बोलले का? नाही. विक्री शून्यच होती. आपण विक्रीला मागणी समजलो ही गडबड.

जास्त डेटा म्हणजे जास्त अचूक, यावर साहेबांना १९३६ ची अमेरिकेतल्या निवडणुकीची गोष्ट सांगा. लिटररी डायजेस्ट नावाचं साप्ताहिक होतं, त्यांनी जवळजवळ एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि त्यातल्या २३-२४ लाख परत आल्या. एवढ्या प्रचंड डेटावरून त्यांनी सांगितलं रूझवेल्टच्या विरोधातला लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी, मोटारींच्या नोंदी अशा याद्यांमधून, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि गाडी आहे असे लोक. वर आणखी, परत पाठवायची तसदी ज्यांनी घेतली तेवढेच मोजले गेले. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनी त्यामानाने मूठभर लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. चुकीच्या लोकांना विचारलं असेल तर आणखी लाखभर लोकांना विचारून फरक पडत नाही, फक्त चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढतो.

तुमच्याकडे हेच वेबसाइटच्या रिव्ह्यूंचं होत असणार. रिव्ह्यू कोण लिहितं? एकतर फार खूष झालेला किंवा भडकलेला. मधला सगळा समाज गप्प.

पिव्होटप्रेमी

आकडेमोड यांना +१.

माझं काम रोजचं तेच आहे म्हणून जमिनीवरचं सांगतो. टूल घेतलं की झालं असं ज्यांना वाटतं त्यांना कस्टमर मास्टर, म्हणजे ग्राहकांची मूळ यादी, उघडून दाखवा. एकच डीलर, एकदा नावात "अँड सन्स", एकदा "आणि सन्स", एकदा नुसतं आडनाव, एकदा शेवटी एक स्पेस जास्त जी डोळ्याला दिसतच नाही. सिस्टीमच्या दृष्टीने हे चार डीलर. त्यातले तीन "सहा महिन्यांपासून निष्क्रिय". आता यावर तुमचं ते सोडून जाणार कोण वालं मॉडेल चालवलं की ते आनंदाने सांगणार हे तीन गेले! आणि सेल्सवाला म्हणणार अहो तो माणूस काल फोनवर होता माझ्याशी.

तारखांचं तर विचारूच नका. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? एका शाखेने असं भरलंय दुसरीने तसं, १२ तारखेपर्यंत दोन्ही खपून जातात, १३ पासून पुढे एक्सेल त्यातल्या अर्ध्यांना टेक्स्ट समजतं आणि मग महिनावार चार्टमध्ये महिन्याचे पहिले बारा दिवस भलतीकडेच जाऊन बसतात. चार्ट दिसायला मात्र झकास.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे "विक्री" हा शब्द. अकाउंट्सला विचारा तर ते रिटर्न वजा करून सांगणार, सेल्सला विचारा तर ऑर्डर बुक झाली की विक्री, डिस्पॅचवाले म्हणणार गाडी गेटबाहेर पडली की विक्री. तिघांचे आकडे वेगळे आणि तिघंही बरोबर! मीटिंगमध्ये तासभर यावरच भांडण होतं आणि मग कोणीतरी म्हणतं आपल्याला चांगलं टूल पाहिजे. अरे टूल काय करणार, आधी तीन डिपार्टमेंटना एका खोलीत बसवा आणि एका कागदावर लिहून घ्या की विक्री म्हणजे काय आणि ती कुठल्या तारखेला धरायची. त्या कागदाची किंमत टूलपेक्षा जास्त आहे.

सफाईत किती वेळ जातो म्हणाल तर साहेबांनी जेवढा धरलाय त्याच्या कितीतरी पट. आणि ती एकदा करून संपत नाही, कारण उद्या परत नवीन माणूस नवीन स्पेलिंगने एंट्री मारणारच.

अवांतर: एक्सेलवर कंपनी चालवू नका एवढं मात्र खरं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळजवळ १६ हजार पॉझिटिव्ह रिपोर्ट एक्सेलमुळे यादीत यायचे राहिले होते आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधणंही लांबलं. ओळी संपल्या म्हणून!

कोलन_स्लॅश

@पिव्होटप्रेमी, त्या बिचाऱ्या एक्सेलला उगाच बदनाम करताय. गडबड जुन्या .एक्सएलएस फॉरमॅटची होती, त्यात ६५,५३६ ओळींच्या वर जागाच नाही. नवीन फॉरमॅटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. लॅबकडून आलेल्या फाइली कोणीतरी जुन्या फॉरमॅटमध्ये ओढत होतं आणि किती ओळी आल्या, किती उतरल्या हे मोजून बघणारी पायरीच नव्हती. ती पायरी नसेल तर महागड्या डेटाबेसमध्येही हेच होईल.

बाकी प्रतिसादाशी सहमत. ती न दिसणारी स्पेस, अगदी अगदी.

पिव्होटप्रेमी

मान्य. मोजणी जुळवायची सवय नाही हाच रोग, एक्सेल नाही. एक्सेलवर माझं प्रेम आहेच, नावावरून कळत असेल (पिव्होट टेबल एक्सेलमधलंच).

उलटतपासणी

मी फक्त त्या ९९ टक्क्यांबद्दल लिहितो कारण व्हेंडर लोक हे वाक्य सर्रास फेकतात आणि साहेब लोक सर्रास झेलतात.

समजा तुमचे १००० डीलर आहेत आणि महिन्याला साधारण १० सोडून जातात. आता मी एक मॉडेल बनवतो. मॉडेल काय म्हणतं, तर "कोणीही जाणार नाही". बस. १००० पैकी ९९० बाबतीत मी बरोबर. अचूकता ९९ टक्के! कॉम्प्युटरसुद्धा लागला नाही. जाणाऱ्या दहांपैकी एकही पकडला नाही ती गोष्ट वेगळी.

आता खरंच कामाचं मॉडेल घ्या. ते जाणाऱ्या १० पैकी ८ पकडतं, आणि न जाणाऱ्या ९९० पैकी ३० जणांवर उगाच संशय घेतं. याची अचूकता काढा: ८ बरोबर पकडले अधिक ९६० बरोबर सोडले, म्हणजे ९६८, म्हणजे ९६.८ टक्के. माझ्या बिनडोक मॉडेलपेक्षा कमी! पण सेल्सच्या हातात ३८ नावांची यादी आली आणि त्या ३८ जणांना फोन केले तर त्यात जाणारे ८ सापडतात. हजार जणांना फोन करण्यापेक्षा हे केव्हाही परवडलं.

तेव्हा व्हेंडरला तीन गोष्टी विचारा. जाणाऱ्यांपैकी किती पकडले, पकडलेल्यांपैकी किती खरंच गेले, आणि हे आकडे कुठल्या डेटावरचे आहेत. ज्या डेटावर मॉडेल शिकवलं त्याच्यावरच तपासलं असेल तर तो पेपर फोडून घेतलेली परीक्षा झाली. मागच्या वर्षापर्यंतचा डेटा देऊन या वर्षीचा अंदाज करायला सांगा आणि मग ताडून बघा. डेमोमध्ये ही गोष्ट करायला कोणीही स्वतःहून तयार होत नाही.

आणखी एक. "गेला" म्हणजे काय हे डीलर सांगून जात नाही, त्याची ऑर्डर येणं नुसतं बंद होतं. ६० दिवस ऑर्डर नाही म्हणजे गेला का ९० दिवस? वर्षातून दोनदाच घेणारा डीलर असेल तर? हे ठरवल्याशिवाय ते मॉडेल शिकलं कशावर हाच प्रश्न आहे.

तीस_पावसाळे

तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात म्हणून स्पष्ट बोलतो, हे सगळं नवीन फॅड आहे. आधी कंपनीच्या सगळ्या कारभाराचं ईआरपी सॉफ्टवेअर आलं, मग ग्राहकांच्या नोंदींचं सीआरएम आलं, आता हे. चांगला सेल्समन डीलरच्या दुकानात पाऊल ठेवल्याबरोबर सांगतो हा टिकणार का जाणार, त्याला डॅशबोर्ड लागत नाही. धागाकर्त्याच्या साहेबांनी तो पैसा सेल्सच्या इन्सेंटिव्हला लावावा. आकड्यांनी धंदा होत नाही, माणसांनी होतो.

आकडेमोड

@तीस_पावसाळे, दादा तुमचा मुद्दा अर्धा मान्य. सेल्समनला जे दिसतं ते डेटात नसतं, उदाहरणार्थ दुकानात समोरच स्पर्धकाचा नवा बोर्ड लागलाय. पण अनुभवी माणसाचा अंदाज किती चुकतो हेही मोजून बघितलेलं आहे हो. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनमधली २०१२ ची गोष्ट, एकाने जाहिरातीचं शीर्षक दाखवायची पद्धत थोडी बदलायची सुचवली, तिथल्या अनुभवी मंडळींना त्यात काही दम वाटला नाही म्हणून ती सहा महिन्यांच्या वर तशीच पडून राहिली. मग एका इंजिनीअरने साधी ए-बी टेस्ट लावली, म्हणजे काही लोकांना जुनं दाखवायचं आणि काहींना नवं. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. तिथे बसलेले लोक काय कच्चे होते का? नव्हते. पण माणसाला आधीच कळत नाही.

आणि उलट बाजूसुद्धा आहे, साहेबांसाठी. गूगलने २००८ मध्ये फ्लू ट्रेंड्स काढलं होतं, लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लूची साथ किती हे सांगायचं. सुरुवातीला मस्त चाललं, मग २०१२-१३ च्या हंगामात त्याचा अंदाज सरकारी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि २०१५ ला ते गुंडाळलं. घरांच्या जाहिराती आणि किमतींचे अंदाज दाखवणाऱ्या झिलो या अमेरिकी वेबसाइटने आपल्याच अंदाजावर भरवसा ठेवून विकण्यासाठी स्वतः घरं घेतली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदाच बंद करून साधारण पाव कर्मचारी कमी करायची घोषणा करावी लागली. या दोघांकडे डेटा, टूल, हुशार लोक यातलं काय कमी होतं?

सेल्समनचा अंदाज लिहून ठेवा, मॉडेलचा अंदाज लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी दोन्ही उघडून बघा. दोघांनाही ते आवडत नाही असा अनुभव आहे :)

तीस_पावसाळे

लिहून ठेवायची कल्पना चांगली आहे. आमच्यातले निम्मे लोक तारीख घालून काहीही लिहायला तयार होत नाहीत हे आत्ताच सांगतो.

कूपनवाली

मी मार्केटिंगमध्ये आहे तर आमच्या गल्लीतले दोन गैरसमज सांगते, तुमच्या साहेबांना लागू पडतील.

पहिला, "कूपन वापरणारे ग्राहक दुप्पट खरेदी करतात म्हणून सगळ्यांना कूपन द्या". अहो पण कूपन पाठवलं कोणाला? जुन्या नेहमीच्या ग्राहकांनाच ना. ते तसेही घेणारच होते, आपण त्यांना फुकट सूट दिली आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. हे कळायला एकच उपाय, यादीतल्या काही लोकांना चिठ्ठ्या टाकून बाजूला काढायचं आणि त्यांना मुद्दाम काहीच पाठवायचं नाही. मग दोन्ही गटांची खरेदी बघायची. हे सांगितलं की हमखास विरोध होतो, की त्या लोकांचा सेल बुडेल ना! बुडाला तर कूपन चालतं हे सिद्ध झालं, नाही बुडाला तर पैसे वाचले.

ईबे या ऑनलाइन बाजाराने हे मोठ्या प्रमाणावर केलं होतं. लोक सर्चमध्ये "ईबे" टाइप करायचे आणि वरती ईबेचीच जाहिरात यायची, क्लिक झाली की ईबेला पैसे भरायला लागायचे. रिपोर्टमध्ये ही जाहिरात सगळ्यात भारी दिसत होती. २०१२ मध्ये त्यांनी याहू आणि एमएसएनवर ती बंद करून बघितली तर ९९.५ टक्के लोक खालच्या साध्या फुकटच्या लिंकवरून आलेच. म्हणजे जो माणूस नाव घेऊन तुमच्याकडेच यायला निघालाय त्याला रस्ता दाखवायचे पैसे चालले होते.

दुसरा गैरसमज म्हणजे एकूण आकडा खाली गेला म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलंय. हे गणित करूनच दाखवते. मागच्या महिन्यात वेबसाइटवर १००० लोक आले, ८०० कॉम्प्युटरवरून त्यातल्या ५ टक्क्यांनी म्हणजे ४० जणांनी खरेदी केली, २०० मोबाइलवरून त्यातल्या १ टक्क्याने म्हणजे दोघांनी. एकूण ४२, म्हणजे ४.२ टक्के. या महिन्यात परत १००० आले पण कॉम्प्युटरवरून ४०० आणि मोबाइलवरून ६००. कॉम्प्युटरचा दर सुधारून ५.५ झाला म्हणजे २२ जण, मोबाइलचा सुधारून १.५ झाला म्हणजे ९ जण. एकूण ३१, म्हणजे ३.१ टक्के. दोन्हीकडे सुधारणा आणि बेरजेत घसरण! वेबसाइटच्या टीमची खरडपट्टी होणार आणि त्यांनी तर चांगलं काम केलेलं असणार. याला सिम्पसनचा पॅराडॉक्स म्हणतात, पण नाव साहेबांना सांगू नका, गणित सांगा. डॅशबोर्डवर एकच मोठा आकडा ठेवायचा हट्ट असतो ना त्यातून हे होतं.

रात्रपाळी

कूपनवाली ताईंच्या प्रतिसादाला +१. मी सपोर्टला आहे, आमच्याकडे एक कॉल सरासरी किती मिनिटांत संपला हे मोजतात आणि त्यावर रेटिंग. पोरं काय करतात, चार मिनिटं झाली की "चेक करून कळवतो" म्हणून फोन ठेवतात. सरासरी छान आली, तोच ग्राहक दिवसात तीनदा फोन करतो, आणि कॉलची संख्या वाढली म्हणून आणखी माणसं भरली. कोणी खोटी एंट्री केली नाही बरं का, सगळे आकडे खरे. ज्या आकड्यावर माणसाचं पोट अवलंबून तो आकडा लवकरच काही सांगेनासा होतो. तुमच्याकडे डीलर व्हिजिटची संख्या मोजत असतील तर तिथे जाऊन बघा.

उलटतपासणी

रात्रपाळी, जबरी उदाहरण.

अवांतर पण महत्त्वाचं: डॅशबोर्डवर चाळीस चार्ट ठेवले की दर महिन्याला काहीतरी "लक्षणीय" हललेलं दिसणारच. नेहमीच्या ५ टक्क्यांच्या कसोटीने (म्हणजे काही घडलेलं नसतानाही एका आकड्याने खोटा इशारा देण्याची शक्यता ५ टक्के) एकमेकांशी संबंध नसलेले २० आकडे तपासले तर काहीही घडलेलं नसताना किमान एक तरी आकडा खोटा इशारा देण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मग दर महिन्याला एक नवीन आग आणि तिच्यामागे धावणारी टीम. ए-बी टेस्टचंही तेच, रोज सकाळी उघडून बघायचं आणि मनासारखं दिसलं की टेस्ट थांबवायची, असं केलं तर जवळपास काहीही सिद्ध करता येतं. किती दिवस चालवायची ते आधी ठरवा.

आणि डेटा सायंटिस्टबद्दल. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली होती, आमच्या रेकमेंडेशनचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा म्हणून. २००९ मध्ये एका टीमने जिंकली. ते विजेतं भलंमोठं मॉडेल नेटफ्लिक्सने वापरलंच नाही, म्हणाले अचूकता थोडी वाढते पण ते बसवायचा खटाटोप परवडत नाही. त्याआधीच्या टप्प्यातले दोन सोपे अल्गोरिदम तेवढे घेतले. तुमच्या कंपनीला पहिलं वर्षभर तरी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येणारा आणि लोकांना प्रश्न विचारायची लाज न वाटणारा माणूस पुरेल. डेटा सायंटिस्ट आणून त्याला पिव्होटप्रेमी सांगतात ती स्पेलिंगं दुरुस्त करायला बसवलं तर तो वर्षाच्या आत निघून जाईल, हे सांगायला मॉडेल नको.

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ते हजार डीलरचं गणित मी आजच साहेबांना चहाच्या वेळी दाखवलं. एक मिनिट गप्प बसले आणि मग व्हेंडरला स्वतःच फोन लावून विचारलं की जाणाऱ्यांपैकी किती पकडता. तिकडून उत्तर आलं, "टेक्निकल टीमशी बोलून सांगतो."

आता मीटिंगला मी एकच प्रश्न घेऊन जाणार आहे, सगळ्यात जास्त खपणाऱ्या पन्नास आयटमचा माल पुढच्या महिन्यात किती मागवायचा. निर्णय दर महिन्याला घ्यावाच लागतो आणि चुकला तर कळतं. आकडेमोड यांनी जे शून्याचं सांगितलं ते आमच्याकडे शंभर टक्के होत असणार. तर ते दुरुस्त कसं करायचं? नवीन काही न घेता, असलेल्या सिस्टीममधून.

आकडेमोड

स्टॉक लेजर (मालाच्या आवक-जावकीची नोंद) असेलच ना तुमच्याकडे, त्यातून प्रत्येक आयटमची रोजची क्लोजिंग, म्हणजे दिवसअखेरची, शिल्लक काढा. ज्या दिवशी शिल्लक शून्य त्या दिवशी खूण करा. मग विक्रीची सरासरी काढताना खूण केलेले दिवस धरायचे नाहीत. म्हणजे ३० पैकी १२ दिवस माल नव्हता आणि विक्री १८० नग, तर रोजचे ६ नाही, १८ दिवसांवर रोजचे १०. नुसत्या एवढ्याने तुमच्या ऑर्डरचे आकडे हलतील. शिवाय आजपासून ऑर्डर घेणाऱ्यांना एक कॉलम द्या, "मागितलं पण नव्हतं", त्यात आयटम आणि नग. सगळे भरणार नाहीत, तरी भरतील तेवढं.

कोलन_स्लॅश

थांबा थांबा, यात एक गोम आहे. ज्या दिवशी माल संपला त्या दिवशी सकाळी तो होता आणि दुपारी गेला, म्हणजे क्लोजिंग शून्य असली तरी त्या दिवशी विक्री झालेली आहे. आकडेमोड यांच्या पद्धतीत भागाकारातून दिवस गेला पण वरच्या १८० मध्ये त्या दिवसाचे नग तसेच राहिले. त्या दिवसांसाठी ओपनिंग, म्हणजे सकाळची शिल्लक, बघायला पाहिजे. दुसरं म्हणजे माल संपतो तो बहुतेक वेळा कोणीतरी एकदम मोठी ऑर्डर टाकली म्हणून, त्यामुळे उरलेल्या दिवसांच्या सरासरीत तो उसळीचा दिवस येतो आणि नंतरचे थंड दिवस गळतात, म्हणजे अंदाज फुगतो.

आकडेमोड

बरोबर आहे. मग ओपनिंग आणि क्लोजिंग दोन्ही शून्य आणि दिवसभरात आवक नाही, असेच दिवस वगळा. आणि ढोबळमानाने सगळे दिवस धरून आलेली सरासरी खालची बाजू समजा, वगळून आलेली वरची. कोरी_पाटी, ज्या आयटममध्ये या दोन आकड्यांत फारसा फरक नाही ते बाजूला ठेवा, त्यांना हात लावायची गरज नाही. ज्यांच्यात दुपटीचा फरक दिसेल त्यांची यादी घेऊन सेल्सच्या जुन्या माणसाजवळ बसा, तो सांगेल कुठली एकदाचीच मोठी ऑर्डर होती आणि कुठे खरंच लोक परत जात होते. तीस_पावसाळे दादा, हे काम तुमच्यासारख्याचंच आहे.

तीस_पावसाळे

यादी पाठवा. पण आयटम कोड नको, नावं लिहा, कोड कोणाला पाठ असतात.